मंगोलियात 'संसार' म्हणजे अंतराळ! नागपूरशी जुना धागा असलेल्या मंगोल भाषेची ओळख

मराठीत 'संसार' म्हटलं की डोळ्यांसमोर येतात भांडी, गॅसचा सिलिंडर, मुलांची फी आणि महिन्याचं बजेट. मंगोलियात हाच शब्द उच्चारला की लोक वर आकाशाकडे बघतात. तिथे 'सानसार' म्हणजे अंतराळ. १९८१ मध्ये जुगदेरदेमिदीन गुर्रागचा हे मंगोलियाचे पहिले अंतराळवीर सोव्हिएत यानातून वर गेले, तेव्हा मंगोल वर्तमानपत्रांच्या दृष्टीने ते 'सानसार'मध्ये गेले होते.

हा योगायोग नाही. दोन्ही शब्द एकाच संस्कृत शब्दातून आले आहेत. एक घरात राहिला, दुसरा हजारो किलोमीटर चालत गोबीच्या वाळवंटापलीकडे पोहोचला.

अशा शब्दांचा माग काढणारा एक मोठा अभ्यासक एकेकाळी नागपुरात राहून काम करत होता, हे मात्र आज नागपूरकरांनाही फारसं आठवत नाही. मंगोल भाषा नेमकी कशी आहे, तिची वाक्यं मराठीसारखी का वाटतात, आपले कोणते शब्द तिकडे गेले आणि तिकडचे कोणते आपल्याकडे आले, हे समजून घेऊया.

नागपूरचा संबंध काय?

त्या अभ्यासकाचं नाव डॉ. रघुवीर. जन्म १९०२ चा, रावळपिंडीचा. संस्कृतचे विद्वान, संविधान सभेचे सदस्य, नंतर राज्यसभेचे खासदार. त्यांनी लाहोरमध्ये 'सरस्वती विहार' ही संस्था उभी केली होती. तिचंच दुसरं नाव आंतरराष्ट्रीय भारतीय संस्कृती अकादमी. फाळणीच्या आदल्या वर्षी, १९४६ मध्ये, ही संस्था नागपुरात आली आणि १९५६ मध्ये दिल्लीला गेली. म्हणजे साधारण दहा वर्षं तिचा मुक्काम नागपुरात होता.

तेव्हा नागपूर मध्य प्रांत आणि वऱ्हाडची राजधानी होतं. एकाच सरकारला हिंदी आणि मराठी अशा दोन भाषांत कारभार करायचा होता, आणि इंग्रजी शब्दांना देशी पर्याय हवे होते. डॉ. रघुवीर यांच्या शब्दकोशांचं मोठं काम याच काळातलं.

पण त्यांचं लक्ष फक्त सरकारी फायलींवर नव्हतं. बौद्ध धर्माबरोबर भारतातले ग्रंथ आणि शब्द आशियात कुठे कुठे गेले, हा त्यांच्या आयुष्यभराचा विषय होता. तिबेट, चीन, इंडोनेशिया आणि मंगोलिया. त्यांनी मंगोल-संस्कृत कोश तयार केला. १९५६ ते १९५८ या काळात त्यांनी 'मंगोल कंजूर' या प्रचंड ग्रंथसंग्रहाची मायक्रोफिल्म मिळवून भारतात आणली. कंजूर म्हणजे बुद्धवचनांचं भाषांतर, एकूण १०८ खंड. डॉ. रघुवीर १९६३ मध्ये रस्ते अपघातात गेले. त्यांचे पुत्र डॉ. लोकेश चंद्र यांनी १९७० च्या दशकात हे १०८ खंड दिल्लीतून छापले. पुढे भारत सरकारनेही हा संग्रह नव्याने छापायला घेतला आणि २०२० मध्ये त्याचे पहिले पाच खंड राष्ट्रपतींना देण्यात आले.

मंगोल भाषा कोणत्या कुळातली?

सगळ्यात आधी एक गैरसमज दूर करूया. मंगोल भाषा चिनी भाषेची बहीण नाही. रशियनचीही नाही, संस्कृतचीही नाही. तिचं स्वतःचं 'मंगोलिक' कुळ आहे. मंगोलियात बोलली जाणारी खाल्खा ही आजची प्रमाण बोली. रशियात बैकाल सरोवराच्या आसपास बुर्यात आणि कॅस्पियन समुद्राजवळ काल्मिक या तिच्या बहिणी बोलल्या जातात.

मंगोल, तुर्की आणि मांचू या भाषा एकाच 'अल्ताई' कुळातल्या असाव्यात, असं पूर्वी मानलं जायचं. त्यांच्यात साम्य आहेच. पण ते रक्ताच्या नात्यामुळे की शेकडो वर्षांच्या शेजारामुळे, यावर अभ्यासकांचं एकमत नाही.

मंगोलियाची लोकसंख्या साधारण ३५ लाख. पण त्याहून जास्त मंगोल लोक चीनच्या ताब्यातल्या इनर मंगोलिया प्रांतात राहतात. हा मुद्दा लक्षात ठेवा, शेवटी त्याच्याकडे परत यायचं आहे.

वाक्य तर आपलंच!

हे वाक्य बघा: 'बी नोम उन्शिज बैन.'

बी म्हणजे मी. नोम म्हणजे पुस्तक. उन्शिज म्हणजे वाचत. बैन म्हणजे आहे. मी पुस्तक वाचत आहे. शब्दांचा क्रम बदलावा लागला नाही, एकही शब्द जास्त घालावा लागला नाही.

आता जरा लांब वाक्य: 'बी नोम आवाद गेर्ते इर्सेन.' आवाद म्हणजे घेऊन, गेर्ते म्हणजे घरी, इर्सेन म्हणजे आलो. मी पुस्तक घेऊन घरी आलो. इंग्रजीत हेच सांगताना दोन क्रियापदं 'आणि'ने जोडावी लागतात किंवा वाक्य फिरवावं लागतं. मराठीत '-ऊन' लावलं की काम झालं. मंगोलमध्येही तसंच, शेवटी '-आद' लावलं की झालं.

प्रश्न विचारायची पद्धतही ओळखीची आहे. 'ता सैन बैन ऊ?' म्हणजे तुम्ही बरे आहात का? आपण वाक्याच्या शेवटी 'का' लावतो, ते 'ऊ' लावतात. आणि 'ता' म्हणजे तुम्ही. जवळच्या माणसाला किंवा लहानाला 'ची', म्हणजे तू. इंग्रजीसारखं सगळ्यांना एकाच मापाने मोजायचं नाही.

बोलण्यातली एक गंमत तर थेट आपल्या गल्लीतली वाटेल. पाहुणा आला की आपण विचारतो, 'चहाबिहा घेणार का?' मंगोल माणूस म्हणतो 'त्साय-माय'. त्साय म्हणजे चहा, आणि 'माय' म्हणजे आपला 'बिहा'. आपण दुसऱ्या शब्दाला 'बि' लावतो, ते 'म' लावतात. पण शब्दच 'म'ने सुरू होत असेल तर? मांसाला मंगोलमध्ये 'माख' म्हणतात. मग 'म'च्या जागी 'झ' येतो आणि होतं 'माख-झाख'.

मग मराठी आणि मंगोल एकमेकींच्या नातेवाईक आहेत का? नाही. क्रियापद शेवटी ठेवणाऱ्या भाषांत अशा बऱ्याच सवयी एकत्र दिसतात. तेलुगू, कन्नड, गोंडी, तुर्की आणि जपानी भाषांतही यातल्या अनेक गोष्टी सापडतील. दोन गावांत घरं सारखी दिसली म्हणून मालक भाऊ ठरत नाहीत, तसंच हे.

एका शब्दाला जोडत जायचे डबे

मंगोल ही 'चिकटी' भाषा आहे. म्हणजे मूळ शब्द न मोडता त्याच्या मागे एकेक प्रत्यय डब्यासारखा जोडत जायचा. मंगोल लोकांचं नमद्याचं गोल घर, म्हणजे 'गेर', हाच शब्द घेऊ:

- गेर: घर
- गेरीन: घराचं
- गेर्त: घरात
- गेरीग: घराला
- गेरेस: घरातून
- गेरेर: घराने
- गेर्तेइ: घरासह
- गेर रू: घराकडे

शाळेत 'प्रथमा ते संबोधन' पाठ केलेल्या मराठी माणसाला हा तक्ता नवा वाटणार नाही. उलट तो सोपाच वाटेल. मराठीत प्रत्यय लागण्याआधी शब्द वाकतो. घर-घरा-घराला, पाणी-पाण्या-पाण्यात. यालाच आपण सामान्यरूप म्हणतो आणि अमराठी माणसाची मराठी शिकताना दमछाक इथेच होते. मंगोल शब्द बहुतेक वेळा जसाच्या तसा उभा राहतो.

डबे आणखीही जोडता येतात. 'गेरेस'ला अजून एक मात्रा लावली की 'गेरेसे', म्हणजे 'आपल्या घरातून'. हा 'आपल्या'ही मराठीला चांगला कळतो. 'मी आपल्या घरातून निघालो' हे इंग्रजीला 'माझ्या' म्हणूनच सांगावं लागतं.

नकारही मागेच चिकटतो. उस म्हणजे पाणी, 'उसग्युई' म्हणजे पाण्याविना. नोम म्हणजे पुस्तक, 'नोमग्युई' म्हणजे पुस्तकाविना.

एका बाबतीत मात्र मराठी शिकणाऱ्या मंगोल माणसाची कीव करावी लागेल. त्यांच्या भाषेत व्याकरणातलं लिंग नाही. तो, ती, ते या तिघांनाही एकच शब्द, 'तेर'. टेबल पुल्लिंगी की नपुंसकलिंगी, हा प्रश्न त्यांना आयुष्यात पडत नाही.

स्वरांचेही स्त्री आणि पुरुष

शब्दांना लिंग नाही, पण स्वरांना आहे! मंगोल परंपरेत आ, ओ, उ या स्वरांना 'पुरुष स्वर' म्हणतात. ए आणि त्याच्या जोडीचे, ओठ गोल करून काढायचे दोन स्वर हे 'स्त्री स्वर'. इ तटस्थ आहे, तो कुणाबरोबरही राहतो.

नियम असा की, एका शब्दात पुरुष आणि स्त्री स्वर एकत्र नांदत नाहीत. आणि शब्दाच्या मागे जो प्रत्यय लागेल त्यालाही मूळ शब्दाच्याच बाजूला जावं लागतं. 'पासून, तून' या अर्थाचा प्रत्यय बघा. गार म्हणजे हात, त्याचं होतं 'गारास'. गेरचं होतं 'गेरेस'. नोमचं होतं 'नोमोस'. प्रत्यय एकच, पण शब्द बघून तो आपला स्वर बदलतो. याला स्वरसंगती म्हणतात. तुर्की आणि हंगेरियन भाषांतही हे आहे. मंगोल मूल हे शिकत नाही, त्याच्या कानालाच चुकीचा स्वर खटकतो.

उच्चारात मराठी माणसाला एक आयता फायदा आहे. आपल्याकडे 'च' दोन आहेत, चांगलातला वेगळा आणि चंद्रातला वेगळा. 'ज' पण दोन, जगातला आणि जीवनातला. हिंदी भाषकाला हा फरक शिकवावा लागतो. मंगोलमध्ये हे चारही उच्चार आहेत, आणि त्यांना स्वतंत्र अक्षरं आहेत. मराठीत मात्र एकाच अक्षरावर दोघांचं भागवलं जातं. अडचण येते ती त्यांच्या 'ल'मध्ये. जीभ 'ल'च्या जागी ठेवून दोन्ही बाजूंनी हवा सोडली की तो घुसमटल्यासारखा आवाज निघतो. तो आपल्याकडे नाही.

जनावरांसाठी इतके शब्द का?

कोणत्याही भाषेचे सगळ्यात जुने शब्द तिच्या पोटापाण्यात सापडतात. मंगोल लोक पशुपालक. घोडा, उंट, गाय-याक, मेंढी आणि शेळी या पाचांना मिळून ते 'पाच नाकाडांची जनावरं' म्हणतात.

घोड्याचं बघा. या वर्षी जन्मलेलं शिंगरू 'उनागा'. दुसऱ्या वर्षात गेलं की 'दागा'. वळू घोडा 'आझार्गा', घोडी 'गू' आणि खच्ची केलेला, रोज स्वारीला वापरायचा घोडा 'मोर'. उंटाचं पिल्लू 'बोत्गो', सांडणी 'इंगे', नर उंट 'बूर'.

हे वाचून नवल वाटलं तर विदर्भातल्या एखाद्या जुन्या शेतकऱ्याशी बोलून बघा. वासरू, कालवड, गोऱ्हा, खोंड, वळू, बैल. शहरातल्या माणसाला सगळे 'गाय-बैल'च. ज्याच्यावर संसार चालतो, त्याला भाषा बारीक नावं देते. आणि ते काम हातातून गेलं की नावंही एका पिढीत जातात.

नागपूरकरांना ओळखीचे वाटतील असे शब्द

आता डॉ. रघुवीर ज्यासाठी मंगोल भाषेकडे वळले तिथे येऊ. दीक्षाभूमीच्या शहरात उपासक, सूत्र, पुण्य हे शब्द कुणाला समजावून सांगावे लागत नाहीत. मंगोलियातही हे शब्द आहेत, फक्त त्यांचा पोशाख बदलला आहे:

- बुयान: पुण्य
- सुदार: सूत्र. आज अर्थ पोथी, जुना ग्रंथ
- उबाश: उपासक
- एर्देने: रत्न
- तार्नी: धारणी, म्हणजे मंत्र
- शुलेग: श्लोक. आज अर्थ कविता
- तिव: द्वीप. आज अर्थ खंड. 'आझी तिव' म्हणजे आशिया खंड
- राशान: रसायन. आज अर्थ औषधी पाण्याचा झरा
- गालाव: कल्प. आज अर्थ युग
- मातार: मकर, म्हणजे मगर

यातला शेवटचा शब्द मुद्दाम बघा. मंगोलियाच्या थंडीत मगर जगणं शक्यच नाही. प्राणी कुणी पाहिला नव्हता, पण पोथीत वाचला होता. म्हणून नावही पोथीतलंच राहिलं.

ग्रहांची नावं तर थेट पंचांगातली वाटतात. बुध म्हणजे 'बुद', शुक्र म्हणजे 'सुगर', मंगळ म्हणजे 'आंगाराग' (आपला अंगारक), गुरू म्हणजे 'बार्खासबाद' (बृहस्पती) आणि शनी म्हणजे 'सान्चिर' (शनैश्चर). ग्रहाला ते 'गाराग' म्हणतात. ही काही फक्त लामांची जुनी भाषा नाही. आजच्या खगोलशास्त्रातही ग्रहांची नावं हीच आहेत.

मंगोलियाच्या राष्ट्रध्वजावर डाव्या बाजूला एक पिवळं चिन्ह दिसतं. त्याचं नाव 'सोयोम्बो'. मूळ शब्द स्वयंभू. हे चिन्ह ज्या लिपीतून आलं ती सोयोम्बो लिपी १६८६ मध्ये झानाबाझार या धर्मगुरूंनी तयार केली. ते मोठे शिल्पकारही होते. आणि झानाबाझार म्हणजे ज्ञानवज्र.

हे शब्द तिकडे पोहोचले कसे?

भारतातून थेट नाही. मध्य आशियातल्या व्यापारी वाटांवर सोग्दी आणि उइघुर लोक होते. त्यांच्यात बौद्ध धर्म आधी पोहोचला होता. मंगोलांना पहिले बौद्ध शब्द उइघुरांकडून मिळाले. म्हणूनच 'रत्न'चं 'एर्देने' इतकं बदललेलं रूप दिसतं, वाटेत त्याला दोन-तीन तोंडांतून जावं लागलं. पुस्तकाला असलेला 'नोम' शब्द याच वाटेवरचा. तो मुळात ग्रीक भाषेतला, अर्थ नियम किंवा कायदा. सोग्दींनी तो 'धर्म' या अर्थाने वापरला, उइघुरांनी मंगोलांना दिला आणि मंगोलियात धर्माचा ग्रंथ, मग कुठलंही पुस्तक 'नोम' झालं.

दुसरी लाट तिबेटमधून आली. १५७८ मध्ये मंगोल राजा अल्तान खानाने तिबेटी गुरू सोनम ग्यात्सो यांना 'दलाई लामा' ही पदवी दिली. 'दलाई' हा तिबेटी शब्द नाही, मंगोल आहे. अर्थ समुद्र.

इथे एक महत्त्वाचा फरक आहे. तिबेटी भाषांतरकार संस्कृत शब्दाचा अर्थ घेऊन त्याला तिबेटी शब्द बनवायचे. वज्र त्यांच्याकडे 'दोर्जे' झालं, रत्न 'रिन्चेन' झालं. मंगोल भाषेने मात्र अनेक ठिकाणी मूळ शब्दच ठेवला. वज्र तिथे 'ओचिर' आहे. म्हणून संस्कृतच्या अभ्यासकाला मंगोल ग्रंथांत मूळ शब्दांचे ठसे दिसतात. डॉ. रघुवीर यांना मंगोल-संस्कृत कोश करावासा वाटला, त्याचं महत्त्व इथे कळतं.

आणि तिकडून इकडे काय आलं?

देवाणघेवाण एकतर्फी नव्हती. 'नोकर' हा शब्द मुळात मंगोल आहे. चंगेज खानाच्या काळात 'नोकोर' म्हणजे सरदाराचा निष्ठावान साथीदार. फारसीतून तो भारतात आला आणि हळूहळू खालच्या पायरीवर गेला. मंगोलियात तो वेगळ्या दिशेने गेला. समाजवादी काळात 'नोखोर' म्हणजे कॉम्रेड आणि आज घरात 'नोखोर' म्हणजे नवरा. नवरा आणि नोकर एकच, हा विनोद आता तुम्ही भाषाशास्त्राच्या आधाराने करू शकता.

'दरोगा'ही तिकडचाच. मंगोल साम्राज्यात 'दारुगा' म्हणजे जिंकलेल्या शहरावर नेमलेला अधिकारी. आज मंगोलियात 'दार्गा' म्हणजे बॉस.

'बहादूर' हा मंगोल 'बगातुर'वरून फारसीमार्गे आला. आजच्या मंगोल उच्चारात तो 'बातार' झाला आहे. 'उलान' म्हणजे लाल. मग मंगोलियाची राजधानी उलानबातार म्हणजे काय? लाल बहादूर!

'मोगल' हे नावच 'मंगोल'चं फारसी रूप आहे. त्यावरून मराठीने निजामाच्या मुलखाला 'मोगलाई' म्हटलं आणि अंदाधुंद कारभारालाही तोच शब्द दिला.

नवीन वस्तूला नाव कसं द्यायचं?

हा प्रश्न १९५० च्या आसपास नागपुरात होता आणि उलानबातारमध्येही होता.

डॉ. रघुवीर यांचा मार्ग स्पष्ट होता. संस्कृत धातू घ्यायचा, त्याला उपसर्ग आणि प्रत्यय लावायचे आणि सगळ्या भारतीय भाषांना चालेल असा एकच शब्द घडवायचा. विज्ञान, कायदा, प्रशासन यांच्यासाठी त्यांनी असे शब्द मोठ्या संख्येने तयार केले. या पद्धतीचे अनेक शब्द आज सरकारी कागदांवर आहेत. पण त्यातला जड भाग लोकांच्या तोंडी बसला नाही आणि 'लोहपथगामिनी'सारखे शब्द चेष्टेचा विषय झाले.

मंगोल भाषेने रेल्वेला काय म्हटलं? 'गाल्त तेरेग'. गाल म्हणजे आग, गाल्त म्हणजे आग असलेली, तेरेग म्हणजे गाडी. आगगाडी! मराठी माणसाने आणि मंगोल माणसाने एकमेकांना न विचारता तोच शब्द बनवला. फोनला ते 'उतास' म्हणतात. मूळ अर्थ धागा, तार. मोबाइल म्हणजे 'गार उतास', हातातला धागा. विमानाचं नाव 'ओंगोत्स', मूळ अर्थ होडी.

म्हणजे मंगोल भाषेने दोन्ही वाटा वापरल्या. अंतराळासाठी पोथीतला 'सानसार' घेतला आणि फोनसाठी घरातला धागा. जिथे संस्कृत शब्द टिकला, तिथे तो कोशातून नव्याने आलेला नव्हता, तो शेकडो वर्षं लोकांच्या प्रार्थनेत होता. आणि जिथे नवा शब्द टिकला, तिथे तो लोकांच्या हातातल्या वस्तूवरून आला होता. मराठीत रोज नवे पारिभाषिक शब्द घडवणाऱ्यांना यातून शिकण्यासारखं आहे. शब्द बरोबर असणं पुरेसं नसतं, तो आधी कुणाच्या तरी तोंडात असावा लागतो.

आजोबांचं पत्र नातवाला वाचता येईल का?

मंगोल लिपी वरून खाली लिहितात आणि ओळी डावीकडून उजवीकडे जातात. ती तेराव्या शतकाच्या सुरुवातीला उइघुरांकडून आली. ती सोपी नाही. 'त' आणि 'द' अनेकदा सारखेच दिसतात, 'ओ' आणि 'उ'ला एकच खूण आहे. लिहिलेलं आणि बोललेलं यांत शेकडो वर्षांचं अंतर आहे. लिहायचं 'बगातुर', वाचायचं 'बातार'. पण याच त्रासामुळे शब्दाचं जुनं रूप लिपीत जपलं गेलं. आपल्या 'बहादूर'चा 'ह' कुठून आला, ते मंगोल लिपीतच कळतं.

१९४१ मध्ये सोव्हिएत प्रभावाखालच्या मंगोलियाने ही लिपी सोडून रशियन वळणाची सिरिलिक लिपी घेण्याचा निर्णय घेतला आणि १९४६ पासून सगळा कारभार तिच्यात सुरू झाला. सिरिलिक उच्चाराप्रमाणे असल्याने शिकायला सोपी गेली. पण नव्या पिढीला घरातली जुनी पत्रं, पोथ्या, दस्तऐवज वाचता येईनासे झाले.

हे दुःख महाराष्ट्राला अनोळखी नाही. मोडी लिपी आपल्याकडे विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत कारभारात होती. २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती कामाला लागली, तेव्हा जुनी कागदपत्रं वाचायला मोडी जाणकार शोधावे लागले. पणजोबांच्या हातची नोंद कपाटात आहे, पण ती वाचायला तिसरा माणूस लागतो. लिपी गेली की असं होतं.

मंगोलियाने २०१५ मध्ये कायदा केला आणि १ जानेवारी २०२५ पासून सरकारी कामकाजात सिरिलिकच्या जोडीला उभी मंगोल लिपीही आणली. मोठी झालेली माणसं पुन्हा मुळाक्षरं गिरवत आहेत.

सीमेपलीकडे, चीनच्या इनर मंगोलियात चित्र उलटं आहे. तिथे उभी लिपी कधी सुटलीच नव्हती. पण २०२० मध्ये तिथल्या मंगोल माध्यमाच्या शाळांत भाषा, इतिहास आणि राजकारण हे विषय मंगोलऐवजी चिनीतून शिकवण्याचा आदेश निघाला. पालकांनी मुलांना शाळेत पाठवणं थांबवलं, निदर्शनं झाली, पण धोरण मागे घेतलं गेलं नाही. एका बाजूला देश आहे आणि तो लिपी परत मिळवू पाहतोय. दुसऱ्या बाजूला लिपी आहे, पण वर्गातून भाषाच बाहेर चालली आहे.

मोडीचं काय करायचं, हे ठरवणं मात्र अजून महाराष्ट्राच्या हातात आहे.